पुरावा क्रमांक सात : भोपळा

आमच्या संसदेच्या समितीला प्रश्न विचारण्यापासून रोखू शकेल अशी शक्ती या पृथ्वीवर नाही. राजे आले आणि गेले, एकाचे तर आम्ही मुंडके उडवले. लढाया झाल्या, छपरावर बॉम्ब पडले. पण समिती मंगळवारी सकाळी दहाला बसली आणि तिने प्रश्न विचारले. मंत्री असो की अब्जाधीश, समोरच्या खुर्चीत बसून त्याला उत्तर द्यावेच लागते. फक्त साडेबाराला खोली रिकामी करावी लागते, कारण त्यानंतर ती सांडपाणी समितीच्या नावावर असते.

या समितीचा मी सव्वीस वर्षे कारकून होतो. पाण्याचे जग भरले आहेत ना ते पाहणे, नियम काय म्हणतो ते सांगणे आणि सदस्यांनी आत्ता काय ठरवले हे सदस्यांना समजावणे, अशी माझी तीन कामे. नियम विचारल्याशिवाय सांगायचा नाही, हाही एक नियमच होता आणि तो मी कधी मोडला नाही. पुढे जे घडले त्यात माझा काही हातभार असेल, तर तो एवढाच.

प्रकरण साधे होते. ऑल्डरविक गावात 'पार्फिट आणि पुतणे' नावाची बिजागऱ्या करणारी कंपनी होती. दीडशे वर्षे तिथे बिजागऱ्यांखेरीज दुसरे काही झाले नव्हते, आणि झाल्या त्या कुरकुरल्या नव्हत्या. ही कंपनी आता टॉलॅक समूह विकत घेत होता. टॉलॅकने याआधी अशा चार कंपन्या घेतल्या होत्या. चारही ठिकाणी वर्षाच्या आत यंत्रे परदेशी गेली आणि कारखान्याच्या इमारतीत उंच छताची, विटा उघड्या ठेवलेली, महागडी घरे झाली. ऑल्डरविकच्या कारखान्यात तीनशे शहाऐंशी माणसे कामाला होती.

उद्योगमंत्री हा व्यवहार थांबवू शकत होते. त्यांनी थांबवला नव्हता. चोवीस सप्टेंबरला, बुधवारी, सायंकाळी पाचला तो पक्का होणार होता. मात्र त्याआधी समितीने मंत्र्यांना एक पत्र लिहिले, तर साठ दिवस सगळे जागच्या जागी थांबवून चौकशी करणे त्यांना भाग होते. पत्राचा मसुदा मी करून ठेवला होता. चार ओळींचा. एका सदस्याने मांडायचा, बाकीच्यांनी हो म्हणायचे आणि अध्यक्षांनी सही करायची. चोवीस तारखेआधी समितीच्या तीन बैठका होत्या. चार ओळींसाठी तीन बैठका म्हणजे आमच्याकडे घाईच समजतात.

पहिल्या बैठकीला पावणेदहा वाजता एक ठेंगणी बाई खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसली. मॉरीन स्टॅनिफोर्थ. पार्फिटच्या जुळणी विभागात एकतीस वर्षे काम आणि आता कामगारांची प्रतिनिधी. साक्षीदारांच्या यादीत तिचे नाव होते, शेवटचे.

"बाळा, पत्राचं तूच बघतोस ना?" तिने मला विचारले. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. ऑल्डरविककडे टपालवाल्यापासून बिशपपर्यंत सगळे बाळच असतात.

"मसुदा तयार आहे," मी म्हणालो. "समितीने मांडायला हवा."

"मग माझं काही लांबण नाही. एक वाक्य आहे. पत्र पाठवा, एवढंच. तेवढं बोलते आणि सव्वाबाराची गाडी धरते."

मी तिला पाण्याचा पेला दिला. माझ्या अधिकारात तेवढेच होते.

समितीच्या अध्यक्ष डेम फिलिपा ग्रिंडल; 'डेम' म्हणजे बायकांना मिळणारा 'सर'. न्यायबुद्धी इतकी की चहात दूध आधी की नंतर यावरही त्या दोन्ही बाजू ऐकून घेत. त्यांनी मंत्र्यांना, म्हणजे क्लाइव्ह अटरिज यांना, पहिला प्रश्न केला.

"मंत्रिमहोदय, टॉलॅकचे प्रमुख सर डेनझिल हॉस्किन यांना या व्यवहाराच्या काळात आपण भेटलात का?"

"नाही, अध्यक्ष महोदया."

"एकदाही नाही?"

"आमच्या खात्याच्या व्याख्येनुसार भेटीला एक टेबल लागते, एक अधिकारी लागतो आणि तो टिपणे घेत असावा लागतो. अशी भेट झालेली नाही."

विरोधी बाकांवरचे ग्विलिम प्रोबर्ट पुढे सरसावले. हे वेल्सचे. समितीतला सर्वांत धारदार माणूस अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनीच पसरवली होती.

"मग सतरा ऑगस्टला, रविवारी, तुम्ही दोघं लोअर स्नेडलीत काय करत होता?"

"उभे होतो."

"कशाशी?"

"कुंपणाशी. गावच्या भाजीच्या वाफ्यांपैकी एक माझ्याकडे आहे, शेजारचा सर डेनझिल यांच्याकडे. मध्ये कुंपण आहे. कुंपणाला टेबल म्हणता येत नाही, हे मी कायदा विभागाकडून तपासून घेतले आहे."

"आणि कुंपणावरून काय देवाणघेवाण झाली?"

मंत्र्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्यांनी मला भोपळा दिला."

खोलीत अशी शांतता पसरली की पत्रकारांनीही लिहिणे थांबवले. ती धक्क्याची शांतता नव्हती. सहानुभूतीची होती.

कारण ऑगस्टमधला भोपळा काय चीज आहे हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होते. हिरव्या पट्ट्यांचा, बोथट तोंडाचा, तान्ह्या वासराएवढा. जुलैत बोटाएवढा असताना तोडायचा राहून जातो आणि ऑगस्टमध्ये तो वाफ्यावर आडवा पसरून मालकाकडे बघत असतो. तो कोणी खात नाही. तो द्यायचा असतो. पायरीवर ठेवून, घंटी वाजवून, कोपऱ्यावरून वळेपर्यंत पळायचे. आमच्या गावचे धर्मगुरू ऑगस्टचे चारही रविवार प्रवचन आटोपताच पडदे ओढून मागच्या खोलीत दिवा न लावता बसतात. आणि समोरून दिलेला भोपळा नाकारणे आमच्यात आजवर कोणाला साधलेले नाही. नको म्हणायला तोंड उघडावे, तर बाहेर पडते ते "अरे वा, किती छान."

"तुम्ही काय म्हणालात?" अध्यक्षांनी विचारले.

"अरे वा, किती छान, असे म्हणालो."

"नंतर आभाराचे पत्रही पाठवलेत," प्रोबर्ट एक कागद फडकावत म्हणाले. "खात्याच्या कागदावर. वाचतो. 'आपल्या औदार्याने भारावून गेलो. याची परतफेड कशी करावी हेच सुचत नाही.' कसली परतफेड, मंत्रिमहोदय? बिजागऱ्यांची?"

"हा मजकूर मी सहा वर्षांचा असताना आईने पाठ करून घेतला आहे. मला लोकरीचा मोजा मिळाला तरी मी हेच लिहितो. आपल्यालाही गेल्या नाताळात लिहिले होते."

प्रोबर्टनी क्षणभर आठवले आणि खाली बसले.

पण प्रश्न निघाला तो निघालाच. ठरावीक किमतीच्या वरची भेटवस्तू मंत्र्यांना नोंदवहीत दाखवावी लागते. भोपळा दाखवलेला नव्हता. मग भोपळ्याची किंमत काय? कोणाला सांगता येईना. तज्ज्ञाला बोलवायचे ठरले. घड्याळात साडेबारा झाले होते आणि सांडपाणी समितीचे सदस्य दारात घसा साफ करत उभे होते.

मॉरीन बाकावरून उठली. "पुढच्या मंगळवारी पहिला नंबर लावशील का रे बाळा?"

"तज्ज्ञ पहिले," मी म्हणालो.

दुसऱ्या बैठकीला बागकाम संस्थेचे कथबर्ट ओक्स आले. भोपळ्यांच्या मूल्यमापनात चाळीस वर्षे घालवल्याने त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची अलिप्तता आली होती.

"मेमध्ये रोपाला किंमत असते," ते म्हणाले. "जूनमध्ये फुलाला असते. जुलैत कोवळ्या फळाला बरी असते. ऑगस्टच्या मध्यावर वीस पौंड वजनाच्या भोपळ्याची किंमत शून्याच्या खाली जाते."

"शून्याच्या खाली म्हणजे?"

"म्हणजे फायदा देणाऱ्याचा होतो. घेणारा त्याच्यावर उपकार करतो."

हे वाक्य खोलीत हळूहळू उतरले. प्रोबर्टच्या चेहऱ्यावर सूर्योदय झाला.

"म्हणजे सर डेनझिलनी मंत्र्यांवर मेहेरबानी केली नाही. मंत्र्यांनी सर डेनझिलवर केली. व्यवहार विचाराधीन असताना एका मंत्र्याने एका उद्योगपतीचा भोपळा स्वीकारून त्याला भारमुक्त केलं!"

भेट घेण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर होते. भेट घेण्याबद्दल नियम तरी होता. सर डेनझिल स्वतः नौकेवर असल्याने येऊ शकले नव्हते, पण त्यांचे लेखी निवेदन आले होते. त्यात ते म्हणत होते की मंत्र्यांच्या त्या दिवशीच्या वागण्याबद्दल ते आजन्म ऋणी राहतील. मंत्र्यांच्या वकिलाने हे निवेदन वाचून कपाळाला हात लावला.

"पण मी तो ठेवला नाही!" मंत्री म्हणाले. "सोमवारी सकाळीच माझ्या सचिवाच्या टेबलावर ठेवला आणि जेवायला गेलो."

मग भोपळ्याच्या प्रवासाचा माग सुरू झाला. सचिवाने तो मंगळवारी स्पर्धा नियामकांच्या कार्यालयात एका फायलीखाली ठेवला. नियामकांनी, म्हणजे ज्यांनी हा व्यवहार निकोप आहे असे प्रमाणपत्र दिले होते त्यांनी, तो गुरुवारी संध्याकाळी आपल्या शेजारणीच्या पायरीवर ठेवून घंटी वाजवली.

"कोण शेजारीण?" प्रोबर्टनी विचारले.

साक्षीला बसलेले नियामक छताकडे पाहू लागले. डेम फिलिपांनी पेन खाली ठेवले.

"मी," त्या म्हणाल्या. "मला कल्पना नव्हती. मी चिठ्ठी शोधली, नव्हती. त्यावर नखाने 'डेनझिल' असे कोरलेले होते, पण मला वाटले ते भोपळ्याचे नाव आहे."

आमच्याकडे लोक कोवळ्या भोपळ्यावर नाव कोरतात. फळ वाढते तसे नाव वाढते. तेव्हा भोपळा तोच, याबद्दल शंका उरली नाही. शंका होती ती अध्यक्षांबद्दल. हितसंबंध आला असेल तर त्यांना खुर्ची सोडावी लागणार होती.

"कारकून," डेम फिलिपांनी माझ्याकडे वळून विचारले, "नियम काय?"

मी नियम पाहिला. नव्हता. तेव्हा समितीने तिथल्या तिथे, एकमताने, केला: भोपळा ज्याच्या हातून पुढे गेला त्याला लाभ झाला असे मानता येणार नाही. लाभ होतो तो खाणाऱ्याला. आणि कोणीच खाल्ला नसल्यामुळे मंत्री, सचिव, नियामक आणि अध्यक्ष, सगळेच निर्दोष होते. हा ठराव मी स्वच्छ अक्षरात लिहून घेतला.

"पण मग आता तो आहे कुठे?" प्रोबर्ट म्हणाले. "अध्यक्ष महोदया, आपण कोणाला दिलात?"

डेम फिलिपांनी माझ्याकडे पाहिले. मीच घसा साफ केला.

"अध्यक्ष महोदया, माझ्या खोलीत. एकोणतीस ऑगस्टपासून. दरवाजा आपोआप मिटतो, म्हणून मी तो दाराला लावून ठेवला आहे."

भोपळ्याला तिथल्या तिथे पुरावा क्रमांक सात असा दर्जा मिळाला. मग अध्यक्षांचे लक्ष साक्षीदारांच्या यादीकडे गेले. बारा सव्वीस झाले होते. मॉरीनला आत बोलावले.

"मिसेस स्टॅनिफोर्थ, आपण आलात याबद्दल समिती आभारी आहे. या भोपळ्याबद्दल आपल्याला प्रत्यक्ष काय माहिती आहे?"

"बाळा, मी बिजागऱ्या करते."

"म्हणजे भोपळा आपण पाहिलेला नाही."

"नाही. माझं म्हणणं पत्राबद्दल आहे. उद्यापासून आठ दिवसांत…"

"ऐकीव माहिती आपण नोंदवत नाही," डेम फिलिपा अगदी मायेने म्हणाल्या. "पण आपल्या साक्षीचा फार उपयोग झाला. धन्यवाद."

नंतर ती माझ्या खोलीत आली. दार भोपळ्याने उघडे होते. ती वाकली, अंगठ्याने त्याला एका बाजूने दाबून पाहिले.

"हा आठवडाभरात बसणार बघ. इथे मऊ पडलाय."

"शीतकपाटासाठी अर्ज केला आहे."

"आणि नासला तर?"

"नासला तर तो कसा नासला याची समिती चौकशी करील."

ती माझ्या टेबलाच्या कडेवर टेकली. तिच्या हातांवर पितळेचा पिवळसर डाग कायमचा बसला होता.

"आमच्या ओळीत अठरा बाया आहेत," ती म्हणाली. "सगळ्या विचारतात, मॉरीन, पत्र गेलं का? मी सांगते, जाईल मंगळवारी. दोन मंगळवार सांगितलं. तिसऱ्यानंतर मंगळवारच नाही." मग तिने मला विचारले, "समजा, भोपळाच नसला. तर पत्राचं बघतील?"

"तर्काने पाहता, कामकाजपत्रिकेवर दुसरा विषय उरत नाही."

मी कप विसळायला गेलो. परत आलो तेव्हा दार मिटलेले होते. पहारेकऱ्यांकडे मी नंतर चौकशी केली. एक ठेंगणी बाई वीस पौंडी भोपळा कडेवर घेऊन बाहेर पडली, हे त्यांनी पाहिले होते. अडवले का नाही? ऑगस्ट-सप्टेंबरात भोपळा आत आणणाऱ्याला अडवायचे असते, बाहेर नेणाऱ्याला नाही, अशी त्यांची समज होती. एकाने तर तिला दार उघडून दिले होते.

तिसरी बैठक तेवीस तारखेची. व्यवहार पक्का व्हायला एक दिवस उरला होता. मॉरीनने टेबलावर रुंद तोंडाची एक काचेची बरणी ठेवली आणि शेजारी कागदात गुंडाळलेली सालाची पट्टी. पट्टीवर 'डेनझिल' होते.

"हा तुमचा पुरावा," ती म्हणाली. "नासत होता म्हणून घरी नेला. चिरला, मीठ लावून ठेवला आणि चटणी घातली. दहा बरण्या झाल्या. नऊ कारखान्यात वाटल्या, ही तुमची. खरं तर सहा आठवडे मुरायला हवी, पण तुमच्याकडे उद्या पाचपर्यंतच वेळ आहे. आता भोपळा नाही. तेव्हा पत्राचं बघा."

खोलीत गडबड उडाली. पुराव्यात फेरफार झाला होता. त्यात कांदा घातला गेला होता. एक सदस्य म्हणाले, ही संसदेची अवहेलना आहे. दुसऱ्यांनी विचारले, आले घातले आहे का. प्रोबर्ट म्हणाले की हा तोच भोपळा आहे याची खात्री केल्याशिवाय प्रकरण मिटवता येणार नाही आणि खात्री करण्याचा मार्ग आता एकच उरला आहे. भोजनगृहातून चीज आणि खारी बिस्किटे मागवण्यात आली. माझ्या सव्वीस वर्षांत समितीचा कोणताही निर्णय इतक्या झटपट अंमलात आलेला मी पाहिला नाही.

अकराही सदस्यांनी पुरावा तपासला. खिडकीबाहेर नदीवर एक बोट भोंगा वाजवून गेली.

"आणखी थोडा पुरावा मिळेल का?" डेम फिलिपांनी विचारले.

मीही चमचा चाटला. कामकाजाची नोंद अचूक असावी म्हणून.

बारा वाजून दहा मिनिटांनी प्रोबर्ट उठले. ओठाच्या कोपऱ्याला मनुका लागली होती, पण आवाज गंभीर होता. "अध्यक्ष महोदया, बाईंनी आमचे डोळे उघडले. तीनशे शहाऐंशी माणसांचा प्रश्न आहे. मी पत्र मांडतो."

"माझा पाठिंबा," सत्ताधारी बाकावरून कोणीतरी म्हणाले. अकरा हात वर झाले. वेगवेगळ्या पक्षांचे अकरा हात एकाच वेळी वर गेलेले मी त्याआधी फक्त सुट्टीच्या ठरावाला पाहिले होते.

मी फायलीतून चार ओळी काढून अध्यक्षांपुढे ठेवल्या. त्यांनी पेनाचे टोपण काढले. मॉरीन उभी राहिली होती, दोन्ही हात टेबलावर टेकून, बरणीच्या दोन्ही बाजूंना.

डेम फिलिपांनी सवयीने माझ्याकडे पाहिले. "कारकून, हरकत काही नाही ना?"

मला विचारले होते.

"एक आहे," मी म्हणालो. "सोळा तारखेच्या ठरावानुसार भोपळा पुढे देणाऱ्याला लाभ होत नाही, खाणाऱ्याला होतो. मिसेस स्टॅनिफोर्थ यांचा या प्रकरणात हितसंबंध आहे. त्यांच्या हातचे अकराही सदस्यांनी खाल्ले आहे. लाभ मिळालेल्या सदस्याला त्या विषयावरच्या पत्राला मत देता येत नाही आणि सहीही करता येत नाही."

"म्हणजे कोणालाच नाही?"

"ज्यांनी खाल्ले नसेल त्यांना येईल."

सगळे एकमेकांच्या बशीकडे बघू लागले. बशा स्वच्छ होत्या.

"मंत्र्यांनी वीस पौंड वजनाचा अख्खा भोपळा घेतला, ते सुटले," प्रोबर्ट म्हणाले, "आणि मी दोन चमचे खाल्ले तर मी अडकलो?"

"त्यांनी खाल्ला नाही, महोदय. पुढे दिला."

एका सदस्याने दबक्या आवाजात विचारले की खाल्लेले परत करण्याची काही तरतूद आहे का. अध्यक्षांनी तो प्रश्न नोंदीतून वगळायला सांगितला. मग त्यांनी पेनाला टोपण लावले. टोपण बसल्याचा आवाज मला अजून आठवतो. फार बारीक आवाज होता.

मॉरीनने माझ्याकडे पाहिले. ती चिडलेली नव्हती, हे जास्त वाईट होते.

"बाळा, हे तू बिस्किटं यायच्या आधी सांगू शकला असतास."

"मला आधी कोणी विचारले नव्हते."

"नाही," ती म्हणाली. "ते खरंच."

साडेबारा वाजले. सांडपाणी समिती आत आली. बुधवारी सायंकाळी पाचला टॉलॅकने 'पार्फिट आणि पुतणे' घेतली आणि आठवड्यानंतर ऑल्डरविकमध्ये पहिले यंत्र मालमोटारीवर चढले.

समितीचा अहवाल एक्क्याऐंशी पानांचा झाला. मंत्री निर्दोष होते. मंत्र्यांनी ऑगस्ट महिन्यात कुंपणापासून सहा फूट दूर उभे राहावे अशी शिफारस होती आणि सरकारने ती मनापासून स्वीकारली. प्रोबर्टना त्या वर्षीचे सर्वोत्तम चौकशीकार म्हणून एका वृत्तपत्राचे पारितोषिक मिळाले. कारखान्याचा उल्लेख सदतिसाव्या पानावर तळटीपेत होता.

अहवाल जनतेसमोर ठेवून अभिप्राय मागवणे आमच्यावर बंधनकारक असते. एरवी चार-पाच येतात, त्यातले दोन एकाच गृहस्थाचे असतात. या वेळी सहा हजार दोनशे पत्रे आली. संसदेच्या कामकाजात जनतेला रस उरलेला नाही असे म्हणणाऱ्यांनी ती वाचावीत. सहा हजार एकशे अठ्ठ्याण्णव लोकांनी चटणीची कृती मागितली होती. एका बाईंनी भोपळ्याऐवजी काकडी चालेल का, असे विचारले होते. उरलेल्या एका गृहस्थांना बिजागऱ्यांबद्दल लिहायचे होते: चांगल्या, न कुरकुरणाऱ्या, आता कुठे मिळतात?

लोकभावनेपुढे समिती झुकली. मिसेस स्टॅनिफोर्थ यांना कृतीसाठी पत्र लिहावे असा ठराव आला. अध्यक्षांनी मला विचारले, हितसंबंधांची काही अडचण? मी नियम पाहिला. कृती मागण्यात लाभ नाही. लाभ नंतर होतो. मसुदा चार ओळींचाच होता. सही चार मिनिटांत झाली, आणि समितीचा शिक्का असलेले, मॉरीन स्टॅनिफोर्थच्या नावाचे पत्र त्याच दुपारच्या टपालाने ऑल्डरविकला गेले.

दोन आठवड्यांनी उत्तर आले, निळ्या शाईत, चार पाने. त्यातली मधली दोन पाने गावाबद्दल आहेत: त्या अठरा बायांचे काय झाले, जुळणीच्या ओळीत आता काय उभे आहे, कोण कुठे गेले. तुम्ही इथवर कशासाठी थांबला आहात हे मला माहीत आहे, म्हणून ती दोन पाने गाळून पुढचे देतो.

"…चार पौंड भोपळा, साल आणि बिया काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे. मीठ चोळून रात्रभर चाळणीत ठेवायचा, सकाळी धुऊन निथळायचा. एक पौंड कांदे, एक पौंड आंबट सफरचंदं, मूठभर मनुका, आल्याचा मोठा तुकडा ठेचून, दोन चमचे मोहरी. तीन पावशेर व्हिनेगर, पौंडभर तपकिरी साखर. सगळं एकत्र मंद आचेवर दोन तास. चमचा तळावरून ओढला की मागे वाट राहिली पाहिजे; लगेच भरून आली तर अजून झाली नाही असं समज. सहा आठवडे मुरू दे. तुम्ही लोकांनी घाईच केलीत, पण चव कळली म्हणालात, बरं वाटलं.

तुझी, मॉरीन

ता. क. : बाळा, ती बरणी तेवढी परत पाठव. एवढ्या रुंद तोंडाची दुसरी नाही माझ्याकडे. झाकण सापडलं नाही तर नुसती बरणी चालेल."